गाडी नावावर, लायसन्स वाऱ्यावर

श्टुटगार्ट परिसरात मराठी माणूस शोधावा लागत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनीशहरं आहेत, मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे, बॉशचं तर भारतभर जाळं आहे. साहजिकच पुण्या-पिंपरीतून इकडे येणाऱ्या अभियंत्यांचा ओघ आटत नाही. मी राहते त्या बोब्लिंगन जिल्ह्यात, झिंडेलफिंगनच्या कारखान्याच्या आसपास, अशी कितीतरी घरं आहेत. दिवसभर ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारा माणूस संध्याकाळी त्याच ब्रेकवर पाय ठेवायला कायद्यानं अपात्र ठरतो, असं इथे नेहमी घडतं. मग फोन येतो, "ताई, गाडी घेतली. आता लायसन्सचं काय करायचं?" प्रश्नांचा क्रमच उलटा. अशा फोनांवर देत आले ती उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. नियम जर्मनीचे आहेत. ते शेजारच्या फ्रान्सला किंवा स्वित्झर्लंडला लावू नयेत.

१. नंबरप्लेट देणारं ऑफिस लायसन्स मागत नाही

जर्मनीत गाडी नावावर व्हायला काय लागतं? पासपोर्ट, पत्ता नोंदवल्याचा दाखला, गाडीची दोन्ही नोंदणीपत्रं, तपासणीचा वैध अहवाल, विम्याचा क्रमांक आणि वाहनकर बँकेतून परस्पर वळता करण्याची लेखी संमती. बस. या यादीत ड्रायव्हिंग लायसन्स नाही. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याही नावावर इथे राजरोस गाडी होते, आणि त्यात वावगं काही नाही. गाडी आजीच्या नावावर आणि चालवणारा नातू, हे आपल्याकडेही असतंच.

घोटाळा होतो तो वेगळ्या कारणानं. पुण्याच्या माणसाच्या डोक्यात आरटीओ म्हणजे एकच दार. लायसन्स तिथेच, पासिंग तिथेच, एजंटही तोच. इथे गाड्या नोंदवणारी त्सुलासुंग्सश्टेलं आणि लायसन्स देणारी फ्युररशाइनश्टेलं कधी कधी एकाच इमारतीत असतात, पण एकीचं दुसरीशी देणंघेणं नसतं. खिडकीपलीकडच्या बाई प्लेटवर शिक्का चिकटवतात, प्रवासाच्या शुभेच्छा देतात, आणि माणूस समजतो की सरकारनं आपल्याला गाडी चालवायची मुभा दिली. मुभा मिळालेली असते ती गाडीला, रस्त्यावर यायची.

ही भानगड या मुलखात मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझला १८८८ साली स्वतःच बनवलेली मोटार रस्त्यावर चालवण्यासाठी बाडेनच्या अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्यावी लागली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी घेऊन गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत वीसलॉखच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास एका माहेरवाशिणीनं केला, आणि परवानगीचा कागद होता नवऱ्याच्या नावाचा. आज तिला कोणी अडवलं असतं तर कुठलं कलम लागलं असतं, हा विचार फोर्त्सहाइमची पाटी दिसली की माझ्या मनात येतोच.

२. सहा महिने मोजले जातात ते इथे राहायला आल्यापासून

युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्सवर इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. वास्तव्य सुरू झाल्यापासून; गाडी घेतल्यापासून नाही आणि पहिल्यांदा स्टेअरिंग धरल्यापासूनही नाही. लोक आल्याआल्या घर, मुलांची शाळा, बँक, इंटरनेट यांत गुंततात. तीन-चार महिने तिथेच जातात. मग थंडी पडते, बसस्टॉपवर कुडकुडताना गाडीची आठवण होते, आणि मनासारखा सौदा जमेपर्यंत पाचवा महिना उजाडतो. गाडी दारात येते तोवर लायसन्सचे दिवस भरत आलेले असतात.

आपला मुक्काम बारा महिन्यांहून जास्त नाही हे पटवून दिलं, तर मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. कायमच्या नोकरीचं पत्र खिशात असणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

या नियमाभोवती गैरसमजांचं पीक आलेलं आहे. पहिला गैरसमज असा, की दिवाळीला भारतात जाऊन आलं की सहा महिने नव्यानं मोजतात. मोजत नाहीत. दुसरा असा, की निघताना आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट वर्षभराचं आहे, म्हणजे वर्षभर चालवता येतं. पण ते परमिट मूळ लायसन्सच्या आधारावर उभं असतं. मूळ लायसन्सच इथे चालेनासं झालं की परमिटाला अर्थ उरत नाही. तिसरा सगळ्यांत चतुर आणि सगळ्यांत महागात पडणारा: "सुट्टीत जातोच आहे, तिकडूनच लायसन्स काढून आणतो." इथे वास्तव्य असताना तिकडे काढलेलं लायसन्स इथे मानत नाहीत. लर्निंग लायसन्सचं तर नावच नको.

आता यातली गंमत पाहा. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले वडील इथले रहिवासी नसतात. त्यांचं लायसन्स चालू असेल, सोबत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परमिट असेल आणि विमा कंपनीला त्यांचं नाव कळवलेलं असेल, तर ते मुलाची गाडी खुशाल चालवू शकतात. गाडी ज्याच्या नावावर, कर जो भरतो, तो मुलगा मात्र शेजारी बसतो. असं एक कुटुंब आमच्या ओळखीत आहे. काकांनी सगळ्यांना बोडेनझे सरोवर दाखवून आणलं. काकू आल्यावर म्हणाल्या, "एवढं शिकवलं, परदेशी धाडलं, आणि शेवटी गाडी ह्यांनाच हाकावी लागली."

३. कागदांची साखळी उलटी धरू नका

पत्ता नोंदवल्याशिवाय इथे काहीच हलत नाही. त्यानंतर बँकेचं खातं, कारण कर थेट खात्यातून जातो. मग गाडी हेरायची आणि विकणाऱ्याकडून नोंदणीपत्राचा फोटो मागवायचा. त्यातल्या २.१ आणि २.२ या रकान्यांतले आकडे टाकले की विम्याच्या दरपत्रकात तीच गाडी, त्याच इंजिनासकट सापडते. पैसे देण्याआधी हप्त्याचा अंदाज घ्यावा. गाडी स्वस्तात पडते आणि विमा घाम फोडतो, असं पुष्कळदा होतं. विमा ठरला की ई-फाउ-बे नावाचा क्रमांक येतो, सात अक्षरं-आकड्यांचा, बहुधा काही मिनिटांतच. खिडकीवर तेवढाच लागतो. छापील पॉलिसीची फाइल घेऊन जाणाऱ्यांकडे तिथे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

कचेरीची वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेवायची. नंबर मिळाला की बाहेर जाऊन प्लेट बनवून आणायची आणि परत खिडकीशी येऊन तिच्यावर शिक्के लावून घ्यायचे. या कचेऱ्यांच्या तोंडाशीच प्लेट ठोकून देणारी दुकानं असतात. पुण्यातल्या संगम पुलाजवळच्या आरटीओबाहेरची वर्दळ हटकून आठवते. अगदी दारातलं दुकान टाळून जरा पुढे गेलात तर चार पैसे वाचतात. नोंदणीचं शुल्क साधारण ३० युरो, प्लेटांचा खर्च वेगळा.

हे सगळं आता घरबसल्याही होतं. आपल्या निवास परवान्याच्या कार्डात ऑनलाइन ओळख पटवायची सोय असते, फक्त तिचा सहा आकडी पिन चालू केलेला हवा. २०२३ पासून अशी नोंदणी झाली की तात्पुरता कागद छापून दहा दिवस गाडी बाहेर काढता येते. शिक्के तोवर टपालानं येतात. ज्यांना खिडकीवरच्या जर्मनची धास्ती वाटते त्यांनी तो पिन शोधून काढावाच.

४. जुनी गाडी: ट्यूफ, दोन कागद आणि हिरवा बिल्ला

नवी गाडी तीन वर्षांनी, आणि पुढे दर दोन वर्षांनी, मुख्य तपासणीला न्यावी लागते. तपासणी डेक्रा या दुसऱ्या संस्थेनं केली तरी लोक तिला ट्यूफच म्हणतात. मागच्या प्लेटवरच्या गोल स्टिकरच्या मधला आकडा म्हणजे मुदत संपण्याचं वर्ष, आणि माथ्यावर आलेला आकडा म्हणजे महिना. आपली पीयूसी डोळ्यांसमोर ठेवून या तपासणीकडे पाहू नका. गंजलेला सांगाडा, झिजलेल्या ब्रेक डिस्क, तेलगळती, दिव्यांचा कोन, सगळं बघतात आणि नापास करतात. ट्यूफ संपत आलेली गाडी घ्यायची असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून आधीच वजा धरावा.

नोंदणीपत्राचे दोन भाग असतात. पहिला गाडी चालवताना जवळ बाळगायचा, दुसरा घरी कुलपात. दुसरा भाग हाती पडल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत. गाडीवर कर्ज असेल तर तो बहुधा बँकेकडेच असतो, आणि "टपालानं पाठवतो" हे वाक्य सगळ्या देशांत सारखंच ऐकायला येतं. खरेदीखताचा नमुना एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेकडे तयार मिळतो, तोच वापरावा.

श्टुटगार्ट शहरात शिरायचं तर काचेवर हिरवा बिल्ला लागतो. जुन्या डिझेल गाड्यांचं तेवढ्यानंही भागत नाही. युरो ४ आणि त्याखालच्या डिझेल गाड्यांना २०१९ पासून शहरबंदी लागू झाली. देखणी, ऐसपैस, जुनी डिझेल गाडी इतकी स्वस्त का, याचं उत्तर बरेचदा तिथे असतं. हिवाळी टायर बरोबर मिळतात का तेही विचारा. बर्फाळ रस्त्यावर ते सक्तीचे आहेत, आणि चार नवे टायर म्हणजे लहान खर्च नव्हे.

५. विम्याच्या दारात तुम्ही नवखे

भारतात ओळीनं पाच वर्षं दावा केला नाही की नो-क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढतो. ती कमाई विमानात बसताना मागे राहते. इथे दावा न केलेल्या वर्षांच्या पायऱ्या असतात. जितकी वरची पायरी तितका हप्ता कमी. आपण तळाशी असतो, शून्यावर किंवा फार तर अर्ध्या पायरीवर. शेजारचे जर्मन आजोबा वीस-पंचवीस वर्षांच्या पायरीवर बसून आपल्याहून भारी गाडीला आपल्याहून कमी हप्ता भरतात, हे पचवून घ्यावं लागतं.

लायसन्स तीन वर्षांहून जुनं असेल तर अर्ध्या पायरीवर सुरुवात मिळते. त्यात भारतातली वर्षं धरायची की नाहीत, हे मात्र त्या त्या कंपनीवर. एकीनं नकार दिला तर दुसरीला विचारा, आणि उत्तर फोनवर नको, लेखी घ्या. भारतातल्या कंपनीकडून दावा न केल्याचं इंग्रजी पत्र येतानाच आणलेलं बरं. नंतर ते मागवायचं म्हणजे सासरच्या-माहेरच्या कुणाला तरी चकरा मारायला लावणं आलं.

समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा सक्तीचा आहे, आणि शारीरिक इजेसाठी त्याची मर्यादा कायद्यानंच किमान ७५ लाख युरो ठेवली आहे. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा पूर्ण विमा, फोल्कास्को, मात्र दहा वर्षांच्या गाडीला घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अर्धा, टाइल्कास्को, पुरतो. चोरी, फुटलेली काच, गारपीट आणि रानातून अचानक आडवं आलेलं हरीण त्यात येतं. गारपिटीला हसू नका. इथल्या उन्हाळ्यातल्या गारा बॉनेटवर खळगे पाडून जातात.

६. हौसेचा नंबर घ्याच

४१४१ लिहून 'दादा' वाचणाऱ्या मुलखातून आलेल्यांना आनंदाची बातमी: हवा तो नंबर इथे १० युरो २० सेंटला मिळतो, आधी राखून ठेवायचे आणखी २ युरो ६० सेंट. याच हौसेपायी महाराष्ट्रात लाखांनी पैसे मोजणारे आहेत. शून्यानं सुरू होणारा आकडा मात्र मिळत नाही, तेव्हा ०००१ विसरा. एसएस, एसए, एनएस, केझेड आणि एचजे या जोड्याही देत नाहीत, कारण त्यांचं नातं नाझी राजवटीशी पोचतं. सुहास, संदीप वगैरे नावांच्या सावंत-साठ्यांची तेवढी पंचाईत होते.

७. कर दरसाल, आणि तोही कस्टमचा

आपल्याकडे रस्ता कर गाडी घेताना एकरकमी भरून माणूस मोकळा होतो. इथे तो दरवर्षी जातो, आणि २०१४ पासून वसूल करतं कस्टम खातं. बँकेच्या नोंदीत त्यांचं नाव पाहून घाबरू नका. पेट्रोल गाडीला दर १०० सीसीमागे २ युरो, डिझेलला साडेनऊ युरो, शिवाय धुराचा आकार. २०१६ सालची १४०० सीसीची पेट्रोल गाडी किलोमीटरला १२५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडत असेल, तर इंजिनाचे २८ आणि ९५ च्या वरच्या ३० ग्रॅमचे ६०, मिळून वर्षाला ८८ युरो. पेट्रोलच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

८. "जरा गाडी दे रे"ला नाही म्हणता आलं पाहिजे

आपल्या लोकांत गाडी मागणं म्हणजे वाटीभर साखर मागण्यासारखं. कुणाच्या आई-बाबांना विमानतळावरून आणायचं असतं, कुणाचं कपाट हलवायचं असतं, आणि किल्ली सहज हातात जाते. इथे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली असते त्याला हाल्टर म्हणतात, आणि लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणारा हाल्टरही गुन्हेगार ठरतो. पावती फाडून सुटण्यातला हा प्रकार नाही. रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विनापरवाना गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दंडाची किंवा एक वर्षापर्यंतच्या कैदेची, आणि जाणूनबुजून चालवू देणाऱ्यालाही तीच. "मी विचारलंच नाही हो" ही सबबही चालत नाही, निष्काळजीपणाला वेगळी शिक्षा लिहून ठेवलेली आहे. सहा महिने उलटून गेलेलं भारतीय लायसन्स खिशात असणं आणि मुळात लायसन्सच नसणं, यांत हा कायदा फरक करत नाही. खरी मेख इथेच आहे. आपल्या मनात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ओळखीतल्या एका मुलाला साध्या तपासणीत थांबवलं, मागचा एक दिवा बंद होता म्हणून. लायसन्स अस्सल, विमा चालू, वेग मर्यादेत. पोलिसांनी लायसन्स पाहिलं, मग निवास परवाना पाहिला, आणि तो इथे कधीपासून राहतो एवढाच प्रश्न विचारला. त्यानं सरळ उत्तर दिलं. गाडी मित्राची होती. पत्रं दोघांच्याही घरी गेली, आणि वकील दोघांनाही करावा लागला.

अपघात झाला असता तर प्रकरण आणखी चिघळलं असतं. समोरच्याला भरपाई विमा कंपनी देते, पण विनापरवाना चालकाकडून ५,००० युरोपर्यंतची रक्कम ती मागून वसूल करू शकते. आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर फौजदारी शिक्षेची नोंद आडवी येण्याची धास्ती असतेच. परदेशी नागरिकाच्या बाबतीत गाडीचा मामला गाडीपाशी थांबत नाही.

म्हणून गाडी मागणाऱ्याला मी दोन गोष्टी विचारते: लायसन्स दाखव, आणि इथे राहायला कधी आलास ते सांग. दुसऱ्या प्रश्नाला माणसं दुखावतात. "अहो ताई, पुण्यात बारा वर्षं चालवतोय मी!" पुण्यात बारा वर्षं गाडी चालवून ती न खरचटता घरी आणणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. किल्ली मी देत नाही. त्याऐवजी स्वतः सोडायला जाते, आणि परतताना त्यांच्याकडचा चहा घेऊन येते.

९. अनुभवी माणूस हा सगळ्यांत अवघड विद्यार्थी

काही देशांची लायसन्स जर्मनी परीक्षेविना बदलून देतं; त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सवलत एवढीच, की नवशिक्यांना सक्तीचे असलेले वर्ग आणि ठरावीक तास आपल्याला सक्तीचे नाहीत. अर्ज करताना भारतीय लायसन्स चालू असायला हवं. त्याचं भाषांतर (एडीएसी करून देतं), डोळ्यांच्या तपासणीचा दाखला, ४५ मिनिटांचा एक असे नऊ तास असलेला प्रथमोपचाराचा वर्ग, फोटो आणि ड्रायव्हिंग स्कूलचं नाव एवढं जोडायचं. मग वाट पाहायची. कचेरीत कागद आठवडेच्या आठवडे पडून राहतात. म्हणून माझा आग्रह असा, की पत्ता नोंदवला की लगेच लायसन्सचा अर्ज द्यावा, आणि गाडीच्या जाहिराती त्यानंतर उघडाव्यात.

लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. इंग्रजी आहे, तुर्की आहे, अरबी आहे, हिंदी नाही. तीस प्रश्न, दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास. पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तरी नापास. हजारावर प्रश्नांचा साठा आहे आणि ॲपवर तो घोकता येतो. इंजिनिअर मंडळी इथे बेफिकीर असतात, आणि त्यांचीच इथे दांडी उडते. वेगाला दहानं भागून तीननं गुणा, तेवढे मीटर गाडी तुम्ही दचकून ब्रेककडे पाय नेईपर्यंत जाते. वेगाला दहानं भागून वर्ग करा, तेवढे मीटर ब्रेक दाबल्यावर जाते. ताशी ५० ला १५ आणि २५, एकूण ४० मीटर. ताशी १०० ला १३०. हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलेलं असलं, तरी पुढची गाडी अंगाशी आल्यावर ते मला आपोआप आठवतं.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. शेजारी शिक्षक, मागे परीक्षक. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शिक्षकाच्या पायाशी वेगळे ब्रेक. त्यानं ते दाबावे लागले की परीक्षा तिथेच संपते. स्टेअरिंग डावीकडे असल्याचं भय लोकांना वाटतं, पण ते चार दिवसांत जातं. इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो, सगळे हसतात, झालं. जात नाही ती नजरेची सवय. पुण्यात आपण समोरच्या चार फुटांत जगतो. बाजूचा आपल्याला बघून घेईल आणि आपण मागच्याला हॉर्ननं सांगू, अशी तिथली रीत. इथे वळण्यापूर्वी आणि लेन बदलण्यापूर्वी आरशात पाहून शिवाय मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं. नुसतं पाहून चालत नाही, परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर. जागा नसेल तर त्याच्या मागे मुकाट्यानं चालायचं.

आणि रेष्ट्स फोर लिंक्स. जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वस्तीतल्या ३० च्या रस्त्यांवर दर पन्नास पावलांवर बोळ येऊन मिळतो, आणि त्या प्रत्येक बोळातून कुणी येतंय का, हे वेग कमी करून उजवीकडे वाकून पाहायचं. आपण रुंद, सरळ रस्त्यावर आहोत म्हणून आपला हक्क मोठा, हे गणित इथे चालत नाही. बोळातून कुणी शाळकरी पोरगी सायकलवर आली तरी मर्सिडीजनं थांबायचं. मला विचाराल तर हा या देशातला सगळ्यांत लोकशाहीवादी नियम आहे. आपली अनुभवी मंडळी सर्वांत जास्त नापास होतात तीही याच नियमावर.

उलट टोकाचीही चूक होते. परीक्षेच्या धास्तीनं माणूस ५० च्या रस्त्यावर ३५ नं जातो. कारणाशिवाय रेंगाळणं हाही दोष धरतात. आउटोबानवर तर विचारूच नका.

म्हणून "मला येतं, दोन तास पुरे" असं शिक्षकाला सांगू नये. ४५ मिनिटांच्या एका तासाचे ६०-७० युरो मोजताना जीव कळवळतो हे खरं, पण प्रत्यक्ष परीक्षेचं शुल्क त्याहून बरंच जास्त असतं आणि नापास झाल्यावर ते पुन्हा भरावं लागतं. शिक्षकाला म्हणावं, "मला काय सोडायचंय ते सांगा." कुठल्या गिअरच्या गाडीवर परीक्षा द्यायची तेही आधी ठरवून घ्यावं, ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर ती मर्यादा पडू शकते, आणि घेतलेली स्वस्त गाडी नेमकी हातगिअरची असते.

नवं कार्ड मिळताना भारतीय लायसन्स काढून घेतात. दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत आधी काढून ठेवा. पहिल्यांदा ते कधी मिळालं ती तारीख विमा कंपनी पुढेही विचारत राहते.

१०. परत जायचं ठरलं तर

गाडी भारतात न्यायचा विचार सोडून द्या. डाव्या स्टेअरिंगची गाडी तिथे आणू देत नाहीत. विकताना नंबरप्लेट लावलेली गाडी अनोळखी माणसाच्या हवाली करू नका, तो "उद्याच नोंदणी बदलतो" म्हणाला तरी. आधी नोंदणी रद्द करा. प्लेटवरचे शिक्के खरवडले की कर थांबतो आणि विमाही आपोआप बंद होतो. दावा न केलेल्या वर्षांचं पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. काही वर्षांत परत आलात तर त्या पायऱ्या पुन्हा जोडून मिळू शकतात. वर्षभराचा भरलेला कर उरलेल्या महिन्यांपुरता परत मिळतो, आणि तो कस्टम खातं थेट बँकेत भरतं. निघायच्या आठवड्यात सगळी खाती बंद करायची घाई असते. हे एक खातं पैसे जमा होईपर्यंत चालू राहू द्या.